भिंतीतला खिळा आणि भिंतीपलीकडच्या बाई

खिळा काढायला निघालेला माणूस खिळा धरून बसतो, तोही शेजाऱ्याच्या माशासाठी, हे फक्त छोटूरावांच्या बाबतीतच होऊ शकतं, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. छोटूरावांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते सगळी चूक भिंतीची होती.

छोटूराव म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, पुढून टक्कल आणि खाली पोट असलेले, वीज कंपनीच्या तक्रार विभागात टेबल सांभाळणारे गृहस्थ. ऑफिसात त्यांना साहेब म्हणतात. पण त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, त्यांना जन्मापासून छोटू म्हणत आलेली. एकदा तिने खालच्या फाटकातून वरच्या मजल्यावर तशी हाक मारली, ती अख्ख्या बिल्डिंगने ऐकली, आणि त्या दिवसापासून जिना झाडणाऱ्या बाईपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचे ते छोटूराव झाले. मागे ‘राव’ तरी लावतात, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार केल्यावर पुढे काय होतं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तर या आक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दाजी गेल्यापासून ती तिच्या घरात एकटीच राहायची. छोटूराव फोन करायचे तेव्हा मागे रेडिओ मोठ्याने चालू असायचा आणि बोलतानाही ती तो बंद करायची नाही. कशाला लावून ठेवतेस म्हटलं तर म्हणायची, “सेल नवे आहेत.” हॉस्पिटलातून सुटायच्या आधीच तिने छोटूरावांना सांगून टाकलं, “चार दिवस येते तुझ्याकडे. पाय जरा टेकायला लागला की माझी मी घरी.”

छोटूरावांना ते चार दिवस नको होते. त्यांना आक्का कायमची हवी होती. वडील गेले तेव्हा ते शाळेत होते, आणि आक्काने शिवणाचे क्लास घेऊन त्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीच्या मुलाखतीला स्वतः शिवलेला शर्ट घालून पाठवलं. आता ती त्या रिकाम्या घरात परत जाऊन रेडिओशी बोलत बसणार, हे त्यांना बघवणार नव्हतं. पण “आक्का, इथेच राहा” असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती. आक्का कोणाचे उपकार घेत नाही. असं कोणी म्हटलं की ती पुढचीच गाडी पकडते. तेव्हा हे बोलणं खोलीनेच करावं, असं छोटूरावांनी ठरवलं. बेडरूम अशी करायची की आक्काने आत पाऊल टाकून आपणहून म्हणावं, बरं वाटतंय रे इथे, राहीन म्हणते.

बेडरूमकडे बघून तसं कोणी म्हणेल, ही शक्यता त्या घडीला कमी होती. बिल्डिंग जुनी. भिंतींना ओल धरलेली. एका कोपऱ्यातला पोपडा अशा आकारात सुटला होता की पाहुण्यांना तो देशाचा नकाशा वाटे, आणि कोणत्या देशाचा यावर वाद होत. छोटूरावांनी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि एक आकडा सांगितला. छोटूराव त्याला चहा पाजून जिन्यापर्यंत सोडून आले आणि येताना म्हणाले, “आपणच रंगवू.”

“आपण म्हणजे कोण?” बायकोने विचारलं.

“मी. तू फक्त शिडी धर.”

रंगाच्या दुकानदाराकडे एक डबा पडून होता. कोणीतरी खास मिसळून घेतला होता आणि मग न्यायलाच आलं नव्हतं. म्हणून स्वस्त. झाकणावर लावलेला ठिपका तसा गोड हिरवा दिसत होता. “शांत रंग आहे साहेब,” दुकानदार म्हणाला, “माणूस आडवा झाला की झोपलाच.” हा रंग कोणी आणि कशासाठी मिसळून घेतला होता, हे विचारायचं छोटूरावांना सुचलं नाही. भिंतीवर पहिला हात मारल्यावर सुचलं. अर्धी भिंत झाली आणि बायको शिडी सोडून मागे सरकली.

“अहो, हा तर हॉस्पिटलचा रंग आहे.”

“सुकल्यावर बदलतो,” छोटूराव म्हणाले. सुकल्यावर तो जास्तच हॉस्पिटलचा झाला.

पण आता माघार नव्हती, कारण आक्का दुसऱ्या दिवशी यायची होती. उरलेली अर्धी भिंत रंगवायची तर मध्ये तो खिळा होता. खिळा कसला, अंगठ्याएवढी जाड खुंटी होती. त्यांच्या आधीच्या भाडेकरूंपासून प्रत्येकाने तिच्यावर सदरे टांगले होते आणि दर रंगकामात तिच्यावरही एक हात मारला होता, त्यामुळे ती भिंतीला फुटलेल्या टेंगळासारखी दिसायची. आक्का शिवणकामातली. रस्त्यापलीकडून चाललेल्या बाईच्या ब्लाउजची शिलाई वाकडी असली तर तिला इथून कळतं. असल्या बाईच्या उशाशी हे टेंगूळ ठेवायचं छोटूरावांच्या जिवावर आलं. त्यांनी पक्कड आणली.

खरवडल्यावर कळलं की तो खिळा नव्हता, गंजलेला बोल्ट होता, आणि त्याच्या तोंडावर नट होता. पण घरात तोपर्यंत खिळा हेच नाव पडलं होतं आणि पुढेही तेच राहिलं. छोटूरावांनी नट पकडीत धरला, दातओठ खाल्ले आणि पिळला. नट दोन तुकडे होऊन खाली पडला. छोटूराव विजयी मुद्रेने बायकोकडे वळले. तेवढ्यात तो बोल्ट, कोणीतरी पलीकडून ओढावा तसा, हळूहळू भिंतीत शिरायला लागला.

माणूस अशा वेळी विचार करत नाही. छोटूरावांनी झेप घेऊन बोल्टचं टोक पकडीत धरलं आणि मागे ओढलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडून एक थरथरता आवाज आला.

“पाणी तिरकं झालं. बाई घाबरल्यात. कोण आहे तिकडे?”

आता पलीकडे कोण, ते सांगायला हवं. पलीकडे मासेकाका राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त, संसार नाही, बोलणं जवळपास नाही. जिन्यात भेटले तर मान हलवणार आणि भिंतीकडे सरकून वाट देणार. त्यांच्याकडे काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात एकच मासा, नारंगी, पसरट, तोंडावर कायम नाराजी. त्या माशाला काका ‘बाई’ म्हणत, आणि अहो-जाहो करत. ही टाकी ज्या लाकडी फळीवर होती ती फळी भिंतीतून आरपार गेलेल्या बोल्टवर पेललेली होती. म्हणजे इतकी वर्षं छोटूराव ज्याच्यावर सदरा टांगत होते, त्याच्यावरच पलीकडे बाई पोहत होत्या.

“काका, मी आहे,” छोटूराव भिंतीला तोंड लावून ओरडले. “मी धरलंय.”

“सोडू नका,” भिंत म्हणाली.

पुढच्या काही मिनिटांत छोटूरावांच्या बेडरूममध्ये बिल्डिंग जमली. सगळ्यात आधी आले बांधकामसाहेब. हे सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आणि त्यानंतर बिल्डिंगमधल्या कोणत्याही बांधकामावाचून अस्वस्थ असलेले. त्यांनी पक्कड, बोल्ट आणि छोटूराव यांची एकाच नजरेने पाहणी केली, मग पलीकडे जाऊन टाकी बघितली, परत आले आणि खुर्ची मागितली.

“टाकीखाली टेबल लावू या का?” छोटूरावांच्या बायकोने विचारलं.

“वहिनी, ती चूक करू नका,” साहेब म्हणाले. “खालून आधार दिला की वरचा भार उलटा फिरतो. काच तडकते. एक पूल असाच गेला होता.”

“कोणता पूल?”

“तो विषय नको.”

“मग पाणी काढू. बादलीत ठेवू मासा.”

यावर दारात उभे असलेले मासेकाका पहिल्यांदाच सलग बोलले. म्हणाले, आधी बाईंबरोबर एक सोबतीण होती. बादलीत ठेवली, ती संध्याकाळ काही तिने पाहिली नाही. बाईंचं आता वय झालंय. त्यांना बादली नको. एवढं बोलून ते इतके दमले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग सेक्रेटरी आले. सेक्रेटरींचा स्वभाव असा की जिन्यातला दिवा गेला तरी ते आधी तो दिवा कोणाचा, हे ठरवत आणि मग अंधारात घरी जात. ते म्हणाले, “भिंत दोन घरांच्या मध्ये आहे, म्हणजे सामाईक आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा तर कमिटीची बैठक हवी. बैठक रविवारनंतर. तोपर्यंत परिस्थिती जैसे थे.”

“जैसे थे म्हणजे?” छोटूरावांनी विचारलं.

“म्हणजे आत्ता आहे तशी. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही.”

“पण आत्ता तर मी धरून उभा आहे.”

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. “तर मग तुम्हीही जैसे थे,” ते म्हणाले, आणि शेजारधर्म म्हणून त्यांना बसायला स्टूल सरकवलं.

काकांच्या घरची फळी ज्या सुताराने बसवली होती, तो गावी गेलेला. निरोप धाडला. तोपर्यंत पाळ्या लावायचं ठरलं. सकाळी छोटूराव ऑफिसला जाईपर्यंत धरणार. मग सेक्रेटरी, कारण निर्णय त्यांचा होता. दुपारी मासेकाका, कारण मासा त्यांचा. संध्याकाळी बांधकामसाहेब, कारण त्यांना कोणी नको म्हणूच शकत नव्हतं. रात्री छोटूरावांच्या पायजम्याच्या नाडीने बोल्ट खिडकीच्या गजाला बांधायचा. मग दिवसाही नाडीच का नको, असं छोटूरावांनी विचारून पाहिलं. साहेबांनी समजावलं की रात्री मासा झोपतो, पाणी हलत नाही, त्यामुळे भार स्थिर असतो. दिवसा मासा फिरतो. फिरत्या भाराला माणूसच लागतो. हे सगळ्यांनी मानलं, कारण माशाच्या झोपेचा अभ्यास कोणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको रिक्षातून आक्काला घेऊन आली. छोटूरावांनी अर्धी रजा टाकली होती, पण काका जरा उशिरा येणार म्हणून पाळीवर तेच होते. म्हणजे ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, त्या क्षणी ते दारात स्वागताला नव्हते. ते अर्ध्या हिरव्या, अर्ध्या पोपड्याच्या भिंतीला पाठ लावून, डोक्याला रंग लागलेल्या अवस्थेत, पकडीला लोंबकळत स्टुलावर बसले होते. आक्का काठी टेकत आत आली. तिने भिंत पाहिली, भाऊ पाहिला.

“छोटू,” ती म्हणाली, “मला सोडलं ना रे हॉस्पिटलातून? का परत आणलंत?”

छोटूरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पकडीला लटकल्या लटकल्याच त्यांनी खिळ्याचं सगळं सांगितलं. आक्काने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती पलंगावर बसली, पाय लांब करून एवढंच म्हणाली, “चारच तर दिवस काढायचेत.”

ते वाक्य छोटूरावांना पकडीपेक्षा जड गेलं. ते स्वतःवरच चिडले. आयुष्यात एकदा आक्कासाठी काहीतरी नीट करायला गेलो आणि तिला आणून ठेवलं कुठे, तर अर्ध्या रंगवलेल्या वॉर्डात, परक्या माणसांच्या रहदारीत. आता ती एक दिवसही जास्त राहणार नाही, हे त्यांना कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते एका तक्रारदाराला म्हणाले, “तुमची वीज तरी गेलीय. येईल.” तो बिचारा तक्रार न देताच परत गेला.

इकडे घरी मात्र काय चाललं होतं, ते त्यांना बायकोकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. पक्कड धरून बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. उठता येत नाही, पेपर उलटता येत नाही, कामाचं निमित्त सांगून सटकता येत नाही. त्याला फक्त बोलता येतं. आणि समोर आक्का होती, जिलाही उठता येत नव्हतं. सेक्रेटरी, जे कधी कोणाशी कामाशिवाय बोलले नव्हते, त्यांनी पहिल्याच पाळीत आपल्या सुनेबद्दलची सगळी भडास काढली. आक्काने त्यांना सांगितलं की सून बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी ते वेळेआधीच येऊन बसले आणि म्हणाले, काल घरी जाऊन विचार केला, थोडीशी बरोबर आहे.

बांधकामसाहेबांच्या पँटची शिवण उसवलेली आक्काला बसल्या जागी दिसली. पळून जायला त्यांना वाव नव्हता. पक्कड वहिनींच्या हाती देऊन त्यांना छोटूरावांच्या लुंगीत बसवण्यात आलं आणि आक्काने सुईदोरा मागवला. त्या लुंगीत बसून साहेबांनी अखेर त्या पुलाची गोष्ट सांगितली. पूल गेला नव्हता, फक्त उद्घाटनाला मंत्र्यांची गाडी त्यावर बंद पडली होती, आणि तेवढ्यावरून साहेबांची बदली झाली होती. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

आणि मासेकाका. काका पहिल्या दिवशी नुसते बसून राहिले. मग आक्काने विचारलं, “बाई खातात काय?” बस्स. बाई काय खातात, काय खात नाहीत, कोणत्या हवेत त्यांना खोलात राहावंसं वाटतं, सोबतीण गेल्यावर त्यांनी किती दिवस तोंड फिरवून घेतलं होतं, काका बोलत राहिले. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आक्का झोपली आहे. ऑपरेशन झाल्यापासून तिला दिवसा डोळा लागत नव्हता, रात्री तर नव्हताच. बायको चहा घेऊन आली तर काकांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. आक्का उठेपर्यंत ते हात न बदलता, श्वाससुद्धा बेताने घेत बसून राहिले. संध्याकाळी त्यांच्या खांद्याला तेल चोळावं लागलं, ते त्यांनी आनंदाने चोळून घेतलं.

हे ऐकून छोटूरावांना बरं वाटलं, पण ते मनाला लावून घेणारे गृहस्थ. आक्का समजूतदार आहे, वेळ मारून नेतेय, असंच त्यांनी धरून ठेवलं.

आक्काचे चार दिवस संपायला आले त्या सकाळी सुतार उगवला. त्या वेळी बायको आक्काला घेऊन व्यायामाच्या डॉक्टरकडे गेली होती आणि पकडीवर छोटूराव होते. सुताराने पलीकडे जाऊन फळी बघितली आणि मोठमोठ्याने विचारलं की ही असली फळी कोणत्या गाढवाने बसवली. काका म्हणाले, तुम्हीच. सुतार म्हणाला, तेव्हा लाकूड बरं मिळत नव्हतं. मग त्याने येताना टेम्पोतून आणलेला चार पायांचा दणकट लाकडी घोडा टाकीखाली सरकवला, पाचर ठोकली आणि हात झटकले. काच तडकली नाही. भार उलटा फिरला नाही. बाई तेवढ्या वेळात एकदा वळल्या असतील. बैठक झाली नव्हती, त्यामुळे सेक्रेटरी सगळा वेळ जिन्यात पाठ करून उभे राहिले आणि आपण काही पाहिलं नाही म्हणाले. “मी पहिल्यापासून हेच सांगत होतो,” बांधकामसाहेब म्हणाले.

सुतार या घरात डोकावला. “सोडा आता ते. बोल्टवर काही नाही. काढा, ठेवा, सदरे टांगा.”

छोटूरावांनी पक्कड सोडली. काही झालं नाही. मंडळी गेली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की त्यांना कपाटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. खरं तर आता भिंत पुरी करायची होती. डबा होता, ब्रश होता, रजा होती. पण ते स्टुलावर तसेच बसून राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायला समोर कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. आक्का आत आली, पलंगावर टेकली, आणि तिने पलंगाखालून आपली बॅग ओढली. घड्या घातलेली लुगडी एकेक आत ठेवायला लागली.

“सुतार येणार होता ना रे आज?” तिने वर न बघता विचारलं.

छोटूरावांनी पक्कड उचलली, बोल्टच्या टोकाला लावली आणि घट्ट धरली. “आला नाही,” ते म्हणाले. सरळमार्गी माणूस, त्यांचे कान लाल झाले.

“असं होय.” आक्काने आणखी एक लुगडं बॅगेत ठेवलं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मासेकाका. केस ओले करून बसवलेले, सदरा इस्त्रीचा. त्यांच्या घरात चार पायांचा घोडा उभा होता, त्याच्यावर बाई सुखात होत्या, आणि हे या जगात काकांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. छोटूरावांनी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी छोटूरावांकडे बघितलं, मग पलंगावरच्या उघड्या बॅगेकडे.

“सरका,” काका म्हणाले. “पाळी माझी आहे.”

ते स्टुलावर बसले आणि पक्कड धरून मागे ताण देऊ लागले. त्यांच्या पाठोपाठ बांधकामसाहेब डोकावले. त्यांनी बोल्टला बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “धातूला थकवा असतो. निदान महिनाभर तरी सोडता येणार नाही. संध्याकाळी मी आहेच.” सेक्रेटरी जिन्यातूनच ओरडले की बैठक पुढे ढकलली आहे, तोवर जैसे थे.

बायको चहा घेऊन आली. काका आक्काला सांगत होते की बाईंनी आज सकाळी दाणे स्वतःहून खाल्ले, आणि त्या भरात कप घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पक्कड सुटली. ठण्ण करून फरशीवर पडली आणि पलंगाखाली गेली.

छोटूरावांनी डोळे मिटून घेतले. भिंतीपलीकडे काही पडलं नाही, फुटलं नाही, पाण्याचा एक थेंबही वाजला नाही. काका दोन्ही हातांत कप धरून तसेच बसले होते.

आक्काने काठीने पलंगाखालची पक्कड पुढे ओढली आणि काकांच्या पायाशी सरकवली.

“काका, चहा डाव्या हातात घ्यावा,” ती म्हणाली. “बाई पडतील. आणि छोटू, ही बॅग माळ्यावर टाक. पायात येते सारखी.”